‘सिग्निफिकंट’ म्हणजे एकरी किती टन?

करवीर तालुक्यात माझ्या मामांचा अडीच एकर खोडवा ऊस आहे. जात आपल्याकडे बहुतेकांची असते तीच, ८६०३२. गेल्या महिन्यात ते एका फवारणीच्या औषधाचे गुळगुळीत रंगीत पत्रक घेऊन माझ्याकडे आले. पत्रकावर ठळक अक्षरांत ‘ऊस उत्पादनात लक्षणीय वाढ’ असे छापले होते आणि त्याखाली, चष्मा लावूनही कष्टाने वाचता येईल अशा इंग्रजी ओळीत, चाचणीत आढळलेली वाढ ‘सिग्निफिकंट’ असल्याचे म्हटले होते. मामांनी पत्रक माझ्यापुढे सरकवले आणि विचारले, “आरं, लक्षणीय म्हंजे एकरी किती टन?” मी पत्रक दोनदा वाचले, उलटून पाहिले, आणि त्यात टनाचा आकडा कुठेच नसल्याचे त्यांना सांगितले.

मामांचा प्रश्न साधा होता, पण त्याने एका इंग्रजी विशेषणाची नस नेमकी पकडली होती. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द वर्तमानपत्रांतून, डॉक्टरांच्या बोलण्यातून, कंपनीच्या कागदपत्रांतून आणि अकरावीच्या भौतिकशास्त्रातून आपल्यापर्यंत पोहोचतो, आणि आपण प्रत्येक वेळी त्याचे ‘महत्त्वाचे’ किंवा ‘लक्षणीय’ असे भाषांतर करून मोकळे होतो. प्रत्यक्षात हा एकच शब्द चार-पाच निरनिराळी कामे करतो, आणि त्यांपैकी एका कामात तर त्याचा मोठेपणाशी किंवा महत्त्वाशी काहीही संबंध नसतो. पत्रकातला शब्द नेमका त्या कामाचा होता.

मुळात हा शब्द ‘खुणे’चा आहे

लॅटिन भाषेत ‘सिग्नम’ म्हणजे खूण. त्यावरून खूण करणे, अर्थ सुचवणे असे क्रियापद झाले आणि त्यातून सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘सिग्निफिकंट’ आला, तो ‘ज्यात काही अर्थ आहे’ असे सांगण्यासाठी. ‘महत्त्वाचे’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. जुना अर्थ अजून जिवंत आहे. एखाद्याने कुणाकडे ‘सिग्निफिकंट लुक’ टाकला, म्हणजे त्याची नजर मोठी होती असे नव्हे. त्या नजरेत काहीतरी सुचवलेले होते. मराठीत आपण त्याला सूचक किंवा अर्थपूर्ण नजर म्हणू. (‘अर्थपूर्ण’ हा शब्द मात्र जपून वापरावा, कारण आपल्या वर्तमानपत्रांनी ‘अर्थपूर्ण चर्चा’ आणि ‘अर्थपूर्ण व्यवहार’ यांना जो अर्थ आणून दिला आहे, त्यात पाकिटाचा आवाज येतो.)

गंमत अशी की आपला ‘लक्षणीय’ हा शब्दही याच वाटेने आला आहे. लक्षण म्हणजे खूणच. तापाचे लक्षण, पावसाची लक्षणे. ज्याची खूण मनात नोंदवावी, जे लक्षात घ्यावे, ते लक्षणीय. पुढे वापरून वापरून त्याचा अर्थ ‘बराच मोठा’ असा झाला. जुने कोल्हापूरकर पुराचा अंदाज फुटांत घेत नसत. शिवाजी पुलाच्या कमानींना पाणी कुठवर लागले हे पाहून ते ‘मच्छिंद्री झाली’ म्हणत आणि तेवढ्या खुणेवरून काय आवरायचे, कुठे जायचे, हे नदीकाठच्या घरांना कळत असे. खुणेचे काम एवढेच, की इथे काहीतरी आहे, तिकडे पाहा. ते किती आहे हे खूण सांगत नाही, त्यासाठी मोजावे लागते.

‘इम्पॉर्टंट’ आणि ‘सिग्निफिकंट’ यांतला फरक इथूनच सुरू होतो. ‘इम्पॉर्टंट’ हा आपण दिलेला मान असतो. आपल्याला जे मोलाचे वाटते ते इम्पॉर्टंट. ‘सिग्निफिकंट’ म्हणताना बोलणारा असे सुचवत असतो की या गोष्टीतून काही निष्कर्ष निघतो. बैठकीला एक संचालक आला नाही हे ‘सिग्निफिकंट’ आहे, असे इंग्रजीत म्हटले, तर त्याचे मराठी ‘त्याचे न येणे बोलके आहे’ असे होईल. ‘त्याचे न येणे महत्त्वाचे आहे’ असे केले, तर वाक्य वाकडे होते. आकड्यांच्या शेजारी हा शब्द आला की तो ‘बराच’ या अर्थाने येतो, पण किती बराच ते सांगत नाही. ‘सिग्निफिकंट नंबर ऑफ पीपल’ म्हणजे निम्म्याहून अधिक लोक असा समज करून घेण्याला काहीही आधार नाही. आणि ‘सिग्निफिकंट अदर’ म्हणजे नवरा, बायको किंवा जोडीदार. लग्न झाले आहे की नाही हे न विचारता सोयीने वापरायचा शब्द. त्याचे ‘महत्त्वपूर्ण इतर’ असे यांत्रिक भाषांतर एका अर्जात मी स्वतः पाहिले आहे. ते भरणाऱ्याने त्या रकान्यात काय लिहिले असेल, देव जाणे.

संख्याशास्त्रात: हा योगायोग तर नव्हे?

पत्रकातला ‘सिग्निफिकंट’ संख्याशास्त्राचा होता. तिथे या शब्दाचा अर्थ बांधीव आहे, आणि तो समजायला गुऱ्हाळावर जावे लागेल.

समजा, एक जाणता गुळव्या म्हणतो की हायड्रोस (गुळाचा रंग उजळवणारे रसायन) घातलेला गूळ आणि बिगर हायड्रोसचा गूळ मी डोळे मिटून, नुसत्या चवीने ओळखतो. त्याची परीक्षा कशी घ्यावी? एक खडा देऊन ओळखायला सांगितले, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी आहेच. ते तर मलाही जमेल. म्हणून आपण आठ खडे ठेवू, चार या जातीचे आणि चार त्या जातीचे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला, आणि त्याला चार-चारचे दोन गट करायला सांगू. आठातून चार निवडण्याचे एकूण ७० प्रकार होतात आणि त्यांतला एकच पूर्ण बरोबर असतो. त्याला चव मुळीच कळत नसेल आणि तो नुसता अंदाजाने गट पाडत असेल, तर सगळे आठ बरोबर येण्याची शक्यता ७०त १, म्हणजे सुमारे १.४ टक्के. इतका मोठा योगायोग मानण्यापेक्षा त्याला चव कळते असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पण त्याने एका खड्याची अदलाबदल केली, म्हणजे प्रत्येक गटात तीन बरोबर आणि एक चूक, तर? निव्वळ अंदाजाने एवढे किंवा याहून चांगले जमण्याची शक्यता ७०त १७, म्हणजे २४ टक्के होते. चारातल्या एका आंधळ्या अंदाजाला जे जमते, त्यावरून कुणाला जाणता म्हणता येत नाही.

हा प्रयोग मी गुळाचा केला. मूळ प्रयोग चहाचा आहे. रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, कपात दूध आधी घातले की चहा आधी ओतला हे चवीवरून सांगू शकते असे म्हणणाऱ्या एका बाईंची परीक्षा आठ कपांवर कशी घ्यावी, हे मांडले आहे. वर आलेली १.४ किंवा २४ टक्के ही जी शक्यता, तिला संख्याशास्त्रात पी-मूल्य म्हणतात: प्रत्यक्षात काहीच फरक नाही असे धरून चालले, तर केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. ती ठरवलेल्या मर्यादेपेक्षा, बहुधा ५ टक्क्यांपेक्षा, कमी भरली की निष्कर्षाला ‘सिग्निफिकंट’ म्हणायचे. आपल्याकडच्या कृषी संशोधनाच्या तक्त्यांत शेवटच्या ओळीला ‘सी. डी. ५ टक्के’ (सी. डी. म्हणजे ‘क्रिटिकल डिफरन्स’) असे लिहिलेले असते, किंवा नुसतेच ‘एन. एस.’, ती हीच गोष्ट. दोन वाणांच्या उत्पन्नातला फरक त्या सी. डी.च्या आकड्याहून मोठा असेल, तरच तो योगायोगापलीकडचा मानायचा. एन. एस. म्हणजे ‘नॉट सिग्निफिकंट’.

या सगळ्या व्याख्येत फरक किती मोठा आहे, तो कामाचा आहे का, त्याने पैसे सुटतात का, याबद्दल अवाक्षरही नाही. पत्रकाने ‘हा योगायोग नसावा’ एवढेच म्हटले होते. मामांनी ते ‘भरपूर वाढ’ असे वाचले. वाचणार तरी दुसरे काय?

मग छोटा फरकही ‘सिग्निफिकंट’ ठरतो का?

ठरतो, आणि फार सहज ठरतो. गुजरीतला सराफाचा काटा मिलिग्रॅमपर्यंत बोलतो. साखर कारखान्याचा वजनकाटा दहा-वीस किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो. पन्नास ग्रॅमचा फरक सराफाच्या काट्यावर ढळढळीत दिसेल आणि कारखान्याच्या काट्यावर त्याचा पत्ताही लागणार नाही. फरक तोच, काटे निराळे. संख्याशास्त्रात काट्याची नजर किती तीक्ष्ण आहे, हे मुख्यतः नमुना किती मोठा घेतला यावर ठरते. हजारो शेतांवर चाचणी केली तर बारीकसा फरकही ‘सिग्निफिकंट’ म्हणून पुढे येतो, आणि चार वाफ्यांवर केली तर मोठा फरकही ‘एन. एस.’ म्हणून तक्त्यात गडप होतो.

हिशेबापुरते धरू की न फवारलेल्या उसाला एकरी ४५ टन पडले आणि फवारलेल्याला साडेपंचेचाळीस. चाचणी मोठी असल्याने हा अर्ध्या टनाचा फरक ‘सिग्निफिकंट’ निघाला. टनाला ३,५०० रुपये धरले, तर एकरी १,७५० रुपये जास्त आले. औषध आणि फवारणीची मजुरी मिळून एकरी २,२०० रुपये लागले असतील, तर पत्रकातले प्रत्येक अक्षर खरे ठरूनही शेतकरी एकरी साडेचारशे रुपयांनी बुडाला. याच्या उलट, चारच वाफ्यांच्या चाचणीत एकरी ५ टनांची वाढ दिसली पण ती ‘एन. एस.’ ठरली, तर ती साडेसतरा हजार रुपयांची शक्यता आहे आणि निदान पुन्हा नीट मोजून पाहण्याजोगी आहे.

हिशेबातले हे आकडे मी धरलेले आहेत. खरे उदाहरण हवे असेल तर ते कर्करोगाच्या उपचारांतले आहे आणि ते वाचताना मन खट्टू होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर जेमसिटाबिन या औषधाच्या जोडीला एर्लोटिनिब द्यावे का, याची ५६९ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. एकटे जेमसिटाबिन घेणाऱ्या गटात निम्मे रुग्ण ५.९१ महिन्यांपर्यंत जगले. दोन्ही औषधे घेणाऱ्या गटात हा काळ ६.२४ महिने होता. पी-मूल्य ०.०३८, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत, आणि म्हणून निष्कर्ष रीतसर ‘सिग्निफिकंट’. महिन्यांच्या त्या दोन आकड्यांतले अंतर मात्र सुमारे दहा दिवसांचे आहे, आणि त्यासाठी पुरळ, जुलाब आणि औषधाचा खर्च सोसायचा आहे. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १७ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेले होते हेही सांगितले पाहिजे, कारण एखाद्या कुटुंबाला तोच आकडा मोलाचा वाटू शकतो. डॉक्टर म्हणूनच ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिग्निफिकंट’ आणि ‘क्लिनिकली सिग्निफिकंट’, म्हणजे रुग्णाच्या जगण्यात जाणवेल असे, यांत भेद करतात. बातमीत मात्र दोन्हींचे ‘लक्षणीय सुधारणा’ असे एकच मराठी होते.

पाच टक्क्यांचीच रेषा का?

याचे उत्तर ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो: ती सोयीची होती म्हणून. दोन आकड्यांतला फरक ‘सिग्निफिकंट’ आहे का, हा प्रश्न या शब्दात विचारण्याची रीत एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८५ सालीच सुरू केली होती. पण विसात एक ही मर्यादा रूढ झाली ती फिशरमुळे, त्याच्या १९२५ सालच्या पुस्तकातून. फिशर त्या वेळी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात, अनेक दशकांच्या खतांच्या आणि पिकांच्या नोंदी तपासत होता. जगभरच्या प्रयोगशाळांत मिरवणारा हा शब्द आज ज्या मापाने वापरला जातो, ते माप शेताच्या बांधावर घडले, ही गोष्ट ऊसपट्ट्यातल्या वाचकाने ध्यानात ठेवायला हरकत नाही.

रेषेचा स्वभाव आपल्याला पंचगंगेने शिकवला आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. पाणी ३८ फूट ११ इंचांवर असते तेव्हा नदी निर्धास्त असते आणि एका इंचाने वाढताच ती खवळते, असे काही नसते; बदलते ती आपली वागणूक. यंत्रणा हलते, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची माणसे जनावरांची दावी सोडण्याच्या तयारीला लागतात. सगळ्यांनी एकाच वेळी हलायचे तर कुठेतरी रेषा आखावी लागते. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा ४.९ टक्क्यांचा निष्कर्ष ‘सिद्ध’ आणि ५.१ टक्क्यांचा निष्कर्ष ‘खोटा’ असे आपण समजू लागतो.

शिवाय प्रत्येक नदीची धोका पातळी वेगळी असते, तशी प्रत्येक विद्येची रेषाही वेगळी असते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा कणभौतिकीच्या रिवाजाप्रमाणे योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत १ इतकी खाली आल्यावरच ते ‘शोध’ हा शब्द उच्चारू शकले. पाच टक्क्यांवर समाधान मानले असते, तर तिथे दर आठवड्याला नवा कण सापडला असता.

मग निष्कर्ष ९५ टक्के खरा आहे, असे म्हणायचे का?

असा समज शिकलेल्या लोकांतही आढळतो, आणि तो चुकीचा आहे. पी-मूल्य ३ टक्के आले म्हणजे औषध ९७ टक्के गुणकारी ठरले असे होत नाही आणि निष्कर्ष ९७ टक्के खरा ठरला असेही होत नाही. पंचगंगेला पूर आला असेल, तर पाऊस झालेला असण्याची शक्यता फार मोठी असते. पण पाऊस झाला म्हणून पूर आला असण्याची शक्यता तेवढी मोठी नसते. वाक्य उलटवले की शक्यता बदलते. पी-मूल्य ‘फरक नाही असे धरले तर असा आकडा दिसण्याची शक्यता’ सांगते. आपल्याला हवी असते ती ‘असा आकडा दिसला असताना फरक खरोखर असण्याची शक्यता’.

या दुसऱ्या प्रश्नाला थेट हात घालावा, असे मानणाऱ्यांत केंब्रिजचे गणितज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज आघाडीवर होते आणि फिशरशी त्यांचा वाद गाजला. आपल्या कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे याच जेफ्रीज यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठाच्या गणित आणि संख्याशास्त्र विभागाची धुरा सांभाळली आणि १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. कोल्हापुरात पैलवानांची आणि चित्रकारांची नावे लहान मुलांनाही पाठ असतात. हुजूरबाजारांचे नाव मला मात्र पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत कुणी सांगितले नव्हते.

आणखी एक मेख आहे. फवारणी करून तुम्ही उसाची उंची, पेरांची संख्या, कांडीची जाडी, पानांची लांबी, फुटवे, ब्रिक्स (रसाच्या गोडीचे माप) अशा वीस गोष्टी मोजल्या आणि औषध प्रत्यक्षात निरुपयोगी असले, तरी त्या वीसांपैकी निदान एक गोष्ट निव्वळ योगायोगाने ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता, त्या गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर, सुमारे ६४ टक्के असते. मग पत्रकावर ती एक छापायची आणि एकोणीस गिळायच्या. यात खोटे काहीच बोलावे लागत नाही.

‘सिग्निफिकंट नाही’ म्हणजे काळजीचे कारण नाही?

अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. झायकॅम नावाच्या सर्दीच्या औषधाने वास येणेच बंद झाल्याच्या तक्रारी कंपनीकडे येत होत्या. त्या गुंतवणूकदारांपासून लपवल्याबद्दल खटला झाला, तेव्हा तक्रारींची संख्या संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिग्निफिकंट नव्हती, त्यामुळे त्या सांगण्याचे बंधन आमच्यावर नव्हते, असा कंपनीचा बचाव होता. २०११ साली न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. माहिती दडवण्याजोगी होती की सांगण्याजोगी, हे एका रेषेवरून ठरत नाही. समंजस गुंतवणूकदाराला तिचे महत्त्व वाटले असते का, हे पाहावे लागते, असा त्या निकालाचा रोख होता. काट्यावर वजन दिसले नाही, म्हणून तागडी रिकामी होती असे ठरत नाही.

कायद्यात आणि कारखान्यात याच शब्दाला आकडा चिकटतो

संख्याशास्त्राबाहेर पडले की या शब्दाचा नूर पालटतो. कायदा ‘सिग्निफिकंट’ला सरळ आकड्यात बांधतो, आणि मग तिथे योगायोगाचा प्रश्नच उरत नाही. शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे आणि तिचे शेअर घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर आहेत. अशा वेळी आडून, किंवा स्वतःच्या नावावरचे आणि आडून असलेले मिळून, किमान १० टक्के हिस्सा ज्या माणसाकडे येतो, तो कंपनी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे ‘सिग्निफिकंट बेनिफिशिअल ओनर’ ठरतो. सी. ए. असा फॉर्म भरायला सांगतात तेव्हा मालकाला वाटते की आपल्याला मान दिला जात आहे. प्रत्यक्षात आडोशामागे कोण बसले आहे, हे सरकारला कळावे यासाठी ती नोंद असते. त्याचप्रमाणे २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांखाली भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेला समाजमाध्यम मंच ‘सिग्निफिकंट’ ठरतो आणि त्याच्यावर जादा बंधने येतात. समुद्राच्या अंदाजात लाटांची ‘सिग्निफिकंट’ उंची देतात, ती सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पट येऊ शकते. कोकणात होडी घेऊन निघालेल्या माणसाने या आकड्याला कमाल उंची समजणे जिवावर बेतू शकते.

आणि अकरावीतले ‘सिग्निफिकंट फिगर्स’, आपले सार्थक अंक. लेथवरच्या टर्नरला याची व्याख्या विचारली, तर तो हसेल, पण मायक्रोमीटरवर मोजून त्याने वहीत ‘२५.०० मिमी’ असे लिहिले आणि नव्या पोराने त्याच कामाचे ‘२५ मिमी’ असे लिहिले, तर तो पोराची वही परत फेकेल. त्या दोन शून्यांनी आकारात काहीच भर घातलेली नसते. शंभराव्या भागापर्यंत मी मोजून पाहिले आहे, असे ती शून्ये सांगत असतात. अंकात अर्थ भरलेला आहे, म्हणून तो सार्थक. शब्दाचा जुना अर्थ इथे शाबूत राहिला आहे.

मग मराठीत लिहायचे काय?

काहींचे म्हणणे असे की हा शब्दच निवृत्त करावा. २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने पी-मूल्याच्या गैरवापराविरुद्ध जाहीर निवेदन काढले आणि २०१९ साली ‘नेचर’मध्ये छापल्या गेलेल्या एका आवाहनावर आठशेहून अधिक शास्त्रज्ञांनी, ‘सिग्निफिकंट’ आणि ‘नॉट सिग्निफिकंट’ अशी दोनच खोकी ठेवणे बंद करा, म्हणून सह्या केल्या. माझ्या मते शब्द जाणार नाही, कारण दोन खोक्यांची सोय कुणालाच सोडवत नाही. पण आपण मराठी लिहिणाऱ्यांना एक सवलत आहे. इंग्रजीत एकाच शब्दाच्या गळ्यात ही सगळी ओझी पडली आहेत. मराठीत ती वाटून देता येतात. नजरेला, मौनाला आणि गैरहजेरीला सूचक किंवा बोलके म्हणावे. मोठ्या वाढीला लक्षणीय म्हणावे, पण आकडा शेजारी ठेवूनच. संख्याशास्त्रातल्या निष्कर्षाला मात्र लक्षणीय न म्हणता सार्थ म्हणावे. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत ‘सार्थकता स्तर’ हा शब्द रुळलेला आहेच.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: ‘सार्थ’ कुणाला कळणार? मला वाटते, पुष्कळांना कळेल. सार्थ ज्ञानेश्वरी घराघरांत आहे, आणि तिच्यातले ‘सार्थ’ म्हणजे मोठी किंवा महत्त्वाची असे कुणीच समजत नाही. अर्थासकट, एवढेच समजतो. ‘उत्पादनातील वाढ सार्थ आढळली’ असे पत्रकात असते, तर वाचणाऱ्याने निदान पुढचा प्रश्न विचारला असता, की बरे, अर्थ आहे, पण टन किती?

मामांनी तो प्रश्न पत्रकावरच्या नंबरावर फोन करून विचारला. समोरून “रिझल्ट चांगले आहेत” असे उत्तर तीन वेळा आले आणि चौथ्या वेळी फोन ठेवला गेला. शेवटी त्यांनी एकच बाटली आणली आणि आम्ही दोन-दोन गुंठ्यांच्या आठ पट्ट्या आखल्या. कुठल्या चार पट्ट्यांवर फवारायचे हे त्यांच्या नातीने चिठ्ठ्या उचलून ठरवले, कारण ते मामांवर सोपवले असते तर त्यांनी औषधाला नेमकी विहिरीकडची काळीभोर जमीन दिली असती. फवारलेल्या चारही पट्ट्या उरलेल्या चारही पट्ट्यांपेक्षा जड भरल्या, तर शक्यता तीच, ७०त १. विहिरीकडची पट्टी चिठ्ठीने बिगर फवारणीच्या वाट्याला गेली आहे आणि त्यावरून मामा अजून घुश्शात आहेत. तोड जानेवारीत आहे. मोळ्या वजन करायला कारखान्याचा काटा कामाचा नाही, म्हणून शेजारच्या गुऱ्हाळवाल्याचा काटा दोन दिवसांसाठी सांगून ठेवला आहे.